नाकाची गोळी आणि छातीतली सूज



हवेचं मोल फर्दापूरकरांना वेगळं सांगायला नको. अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांच्या खासगी गाड्या इथल्या टी-पॉइंटवरच थांबतात आणि पुढचे चारेक किलोमीटर पर्यटक बसने जातात. धूर आणि धूळ त्या चित्रांना सोसत नाही, म्हणून ही व्यवस्था आहे. माणसांच्या उच्छ्वासातला ओलावासुद्धा तिथल्या भिंतींना बाधतो, म्हणून लेण्यांत गर्दी होऊ देत नाहीत. पंधराशे-दोन हजार वर्षांच्या चित्रांसाठी एवढी दक्षता घेतली जाते आणि ती घेतलीच पाहिजे. पण त्याच रस्त्याच्या दोन्ही अंगांना, कपाशीच्या शेतात, मक्याच्या मळणीयंत्राशेजारी जी छाती घरघरते, तिच्या आतल्या अस्तराची निगा कोण राखतं?

आजचं व्याख्यान त्या अस्तराबद्दल आहे. दम्याच्या माणसाला ॲलर्जीची गोळी दिली, तर त्याच्या श्वासनलिकेतल्या सुजेचं नेमकं काय होतं? प्रश्न साधा वाटतो. पण त्याचं उत्तर नीट न कळल्यामुळे आपल्या भागातली कितीतरी माणसं वर्षानुवर्षं अर्धाच उपचार घेत आहेत. म्हणून क्रमाने तीन गोष्टी बघू. सूज कशी येते, कोणतं औषध तिच्यापर्यंत पोहोचतं, आणि आपल्या गावात काय करता येईल.

पहिली गोष्ट : सूज

गाजर गवत सगळ्यांना माहीत आहे. पुण्यात १९५५-५६च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलेलं हे परदेशी तण आज बांधाबांधावर आहे. समजा, त्याच्या परागकणांची ॲलर्जी असलेली एक बाई सकाळी शेतात गेली. परागकण नाकात गेले, काही खाली श्वासनलिकेत उतरले. तिथल्या अस्तरात ‘मास्ट पेशी’ नावाच्या पेशी असतात. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने त्या १८७८ साली ओळखल्या. ॲलर्जी असलेल्या माणसात या पेशींवर ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं चिकटून बसलेली असतात. परागकण त्यांना भिडला, की काही मिनिटांतच पेशी आपल्या पोटातली रसायनं बाहेर टाकते. त्यातलं एक हिस्टामीन, दुसरं ल्युकोट्रीन, आणि शिवाय इतर अनेक.

लगेच शिंका सुरू होतात, नाक वाहतं, डोळे खाजतात, नळीभोवतालचा स्नायू आवळतो आणि दम लागतो. हा पहिला झटका. तो दहा-वीस मिनिटांत जोर धरतो आणि तास-दोन तासांत ओसरतो. बाईला वाटतं, झालं, सुटले.

पण सुटका झालेली नसते. त्या रसायनांनी रक्तातल्या दुसऱ्या पेशींना बोलावणं धाडलेलं असतं. तीन ते आठ तासांनी ‘इओसिनोफिल’ पेशी नळीच्या भिंतीत गोळा होतात आणि अस्तराला इजा करतात. भिंत सुजते, चिकट कफ वाढतो. सकाळी शेतात गेलेली बाई संध्याकाळी, नाहीतर रात्री अंथरुणात उठून बसते ती यामुळे. ‘सकाळी तर बरी होते की!’ असं घरचे म्हणतात. त्या सकाळीतच ह्या रात्रीचं कारण असतं.

ही दुसरी पायरी दिवसेंदिवस टिकते. सुजलेली नळी हळवी होते. मग परागकणांचीही गरज उरत नाही. मिरचीची फोडणी, अगरबत्ती, पहाटेचा गारठा, पोटभर हसणं, यांपैकी काहीही तिला आवळायला पुरतं. वर्षानुवर्षं सूज तशीच राहिली, तर भिंत कायमची जाड होऊ लागते. दमा म्हणजे केवळ दम लागणं नव्हे. दम लागत नाही त्या दिवशीही आत जी सूज टिकून असते, तो दमा. आजच्या व्याख्यानातलं दुसरं काही ध्यानात राहिलं नाही तरी चालेल, एवढं एक राहू द्या.

इथे एक खुलासा हवा. प्रत्येक धाप म्हणजे ॲलर्जीचा दमा नव्हे. चुलीच्या धुराने किंवा विडीने होणारा फुप्फुसांचा आजार वेगळा. जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं कापसाची धूळ छातीत गेल्याने होणारा आजार वेगळा. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं ही त्याची खूण. म्हणून फुंकर मारून श्वासाची क्षमता मोजणारी तपासणी एकदा तरी झाली पाहिजे.

दुसरी गोष्ट : औषध कुठवर पोहोचतं

हिस्टामीन शरीरात काय करतं, हे इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांनी १९१०च्या सुमारास दाखवलं. त्याला अडवणारं पहिलं औषध १९३७ साली पॅरिसमध्ये डॅनियल बोव्हे यांच्या हातून घडलं. त्यांना १९५७ साली नोबेल मिळालं. आज सर्दीच्या पाकिटात मिळणारी सीपीएम, त्यानंतर आलेली सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, लोराटाडिन ही सगळी त्याच घराण्यातली. ही औषधं आली तेव्हा डॉक्टरांना मोठी आशा होती. ॲलर्जीने दमा होतो, ॲलर्जीत हिस्टामीन सुटतं. मग हिस्टामीन अडवलं की दमा संपला! इतका सरळ हिशेब चुकला का?

चुकला. एक तर हिस्टामीन एकटं नसतं. नळी आवळण्याच्या कामात ल्युकोट्रीन त्याच्यापेक्षा सुमारे हजारपट जोरकस आहे आणि हिस्टामीनविरोधी गोळी त्याला हात लावत नाही. दुसरं म्हणजे, इओसिनोफिलांचा जो जमाव नंतर येतो, तो नेहमीच्या मात्रेतल्या या गोळीने फारसा हटत नाही. नाकात हिस्टामीनचा वाटा मोठा, म्हणून शिंक थांबते, खाज थांबते. छातीत त्याचा वाटा छोटा, म्हणून तिथली सूज जिथल्या तिथे राहते.

अजिंठ्याच्याच इतिहासातला एक दाखला इथे चपखल बसतो. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला निजाम सरकारने चित्रांच्या जतनासाठी लोरेन्झो चेकोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी बरंच मोलाचं काम केलं, पण चित्रांवर लाखेचं रोगणही चढवलं. त्या वेळी रंग उजळ दिसले. पुढे ते रोगण पिवळं-काळं पडलं, त्यावर मळ धरला आणि ते उतरवण्यासाठी पुरातत्त्व खात्याला अनेक वर्षं खपावं लागलं. दम्यात एकटी ॲलर्जीची गोळी असाच वरवरचा उजाळा देते. शिंका थांबल्या म्हणून रोगी खूश, घरचे निश्चिंत, आणि भिंतीच्या आत बिघाड चालूच.

मग ॲलर्जीविरोधी औषध सुजेपर्यंत पोहोचतच नाही का? काही पोहोचतात. त्यांची कहाणी ऐकण्यासारखी आहे.

रॉजर अल्टुन्यान हे इंग्लंडमधले डॉक्टर स्वतः दम्याचे रोगी होते. इजिप्तकडच्या एका रानटी वनस्पतीतल्या द्रव्यापासून बनवलेली नवनवी रसायनं ते स्वतःवरच तपासत. गिनीपिग प्राण्याच्या केसांचा अर्क हुंगून ते मुद्दाम दमा उठवत, आणि कोणतं रसायन तो रोखतं हे बघत. असं शेकडो वेळा केल्यावर १९६५ साली क्रोमोग्लायकेट सापडलं. ते मास्ट पेशीला फुटू देत नाही, म्हणजे सुजेच्या मुळाशी काम करतं. पण ते आधी घ्यावं लागतं, दिवसातून चार-चार वेळा घ्यावं लागतं, आणि त्याचा जोर बेताचा. पुढे ते मागे पडलं. तरीही त्या माणसाने स्वतःच्या छातीवर केलेल्या कष्टांचं ऋण दम्याच्या प्रत्येक रोग्यावर आहे.

ल्युकोट्रीनचं कोडं सुटायला चाळीस वर्षं लागली. ॲलर्जीत हळूहळू आवळणारं काहीतरी द्रव्य सुटतं, हे १९४०च्या सुमारास कळलं होतं. ते काय आहे, हे स्वीडनच्या बेंग्ट सॅम्युएलसन यांनी १९७९ साली उलगडलं आणि १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याला अडवणारी मॉन्टेलुकास्ट ही गोळी १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाली. ही गोळी सूज थोडी कमी करते, इओसिनोफिलही थोडे घटवते. ॲस्पिरिनने दमा उठणाऱ्यांना किंवा पळाल्यावर दम लागणाऱ्या काही मुलांना तिचा उपयोग होतो. पण एकटी ती पुरी पडत नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित हिशेब २०१२ साली मांडला गेला, तेव्हा श्वासातून स्टिरॉइड घेणाऱ्यांच्या तुलनेत फक्त ही गोळी घेणाऱ्यांना तीव्र झटके येण्याचं प्रमाण सुमारे दीडपट निघालं. शिवाय झोप बिघडणं, चिडचिड, निराशा असे मनावरचे परिणाम काहींना होतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मूल या गोळीवर असेल आणि त्याचा स्वभाव अचानक पालटला, तर ही गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घाला.

आणि आयजीई? किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत १९६६ साली ती शोधली. त्यांनाच पकडून निकामी करणारं ओमालिझुमॅब हे इंजेक्शन २००३ साली आलं. त्याने कफातले आणि नळीच्या भिंतीतले इओसिनोफिल खरोखर घटतात, हे अस्तराचे तुकडे तपासून दाखवलं गेलं आहे. म्हणजे ॲलर्जीचं मूळ गाठलं तर सूज उतरते, हे सिद्ध झालं. पण हे इंजेक्शन महाग आहे आणि ज्यांचा तीव्र दमा इतर औषधांना दाद देत नाही त्यांच्यासाठीच ते राखलेलं आहे.

मग सर्वसामान्य माणसाच्या सुजेवर काय? श्वासातून घेतलेलं स्टिरॉइड. बेक्लोमेथासोन १९७२ साली आलं, नंतर ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन. हे औषध पेशीच्या आत जाऊन सूज निर्माण करणाऱ्या अनेक रसायनांचं उत्पादनच थांबवतं. इओसिनोफिल ओसरतात, अस्तरातल्या मास्ट पेशींची संख्याही घटते, नळीचा हळवेपणा आठवड्यागणिक कमी होतो.

‘स्टिरॉइड’ म्हटलं की माणसं दचकतात. आकडा बघा. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या पाच मिलिग्रॅमच्या एका गोळीत पाच हजार मायक्रोग्रॅम औषध असतं. ब्युडेसोनाइडचा एक फवारा बहुधा दोनशे मायक्रोग्रॅमचा, म्हणजे वजनाने त्या गोळीचा पंचविसावा भाग, आणि तोही थेट नळीत. तरी चूळ भरावी, म्हणजे तोंड येत नाही. मुलांची उंची अधूनमधून मोजावी. इतकी काळजी पुरते.

कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या रोग्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. वर्षभरात कमी मात्रेच्या स्टिरॉइड पंपाचा एकेक डबा जास्त वापरला गेला, तसतसा दम्याने मरण्याचा धोका प्रत्येक डब्यामागे २१ टक्क्यांनी घटत गेला. कोणत्याही ॲलर्जीच्या गोळीच्या नावावर असा आकडा नाही.

तिसरी गोष्ट : आपलं गाव

जगातल्या दम्याच्या रोग्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४२ टक्क्यांच्या आसपास भारतात होतात, असं २०१९च्या जागतिक रोगभार अहवालाचे आकडे सांगतात. रोगी तेरा, मृत्यू बेचाळीस! हवा वाईट आहे, हे एक कारण. पण सूज उतरवणारं औषध माणसाच्या हातात पोहोचत नाही, हे त्याहून मोठं कारण.

काय पोहोचतं? औषधाच्या दुकानातून ‘ॲलर्जीची द्या’ म्हणून घेतलेली मॉन्टेलुकास्ट-लिव्होसेटिरिझिनची पट्टी. धाप वाढली की एक इंजेक्शन, एक वाफारा आणि घरी. मृगाच्या दिवशी दम्यावरच्या माशाच्या प्रसादासाठी हैदराबादची गाडी. मराठवाड्यातून श्रद्धेने किती कुटुंबं जातात, हे इथे बसलेल्यांना ठाऊक आहे. त्यांच्या श्रद्धेला दुखवायचं नाही. विनंती एवढीच, की जाताना-येताना पंप बंद करू नका. आणि कुणी नाव-गाव न छापलेली दम्याची पुडी दिली व दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला, तर सावध व्हा. अशा पुड्यांत स्टिरॉइडची गोळी कुटून मिसळलेली अनेकदा आढळली आहे. महिनोन्महिने ती घेतली असेल तर मनानेच एकदम थांबवू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

जुनं ज्ञान टाकाऊ आहे, असं मात्र कुणी समजू नये. चरकसंहितेत तमक श्वासाचं वर्णन आहे. अडुळशातल्या द्रव्यावरून कफ पातळ करणारं ब्रोमहेक्झिन तयार झालं. दम्यासाठी धोतऱ्याचा धूर घेण्याची रीत १८०२च्या सुमारास मद्रासहून ब्रिटनला गेली, आणि नळी सैल करणारं इप्राट्रोपियम हे त्याच जातीच्या द्रव्यापासून पुढे घडलं. पण धोतरा आवळलेली नळी सैल करतो, सूज उतरवत नाही. आणि त्याची मात्रा चुकली तर जीव जातो. म्हणून आज तो घरी कुणी वापरू नये.

‘पंपाची सवय लागते’ हा आपल्याकडचा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज. मुलीचं लग्न ठरेपर्यंत पंप लपवला जातो. गोळी चालते, पंप नको. वास्तविक साल्बुटामॉल या नळी सैल करणाऱ्या औषधाची पोटातून घ्यायची गोळी चार मिलिग्रॅमची. एक फवारा शंभर मायक्रोग्रॅमचा, म्हणजे चाळिसावा भाग. कमी औषध, लवकर गुण. पंपाची कल्पनाही एका लेकराचीच. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दम्याच्या मुलीने वडिलांना विचारलं, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारख्या डब्यात माझं औषध का नाही भरत? १९५६ साली तसा डबा बाजारात आला.

मात्र पंपातही फरक आहे. नुसती नळी सैल करणारा पंप सुजेला हात लावत नाही. तो एकटाच वापरू नये, असं दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं २०१९ पासून स्पष्ट सांगतात. सोबत श्वासातलं स्टिरॉइड हवंच. डब्याच्या रंगावर जाऊ नका, नाव वाचून घ्या.

मग ॲलर्जीची गोळी टाकून द्यायची का? मुळीच नाही. दम्याच्या बहुसंख्य रोग्यांचं नाकही बिघडलेलं असतं. नाक आणि छाती हा एकच मार्ग आहे. नाक चोंदलं की तोंडाने कोरडी, धुळकट हवा थेट खाली जाते. नाकासाठी गोळी घ्या, गरज असेल तर नाकातला स्टिरॉइडचा फवारा घ्या. झोप न आणणारी गोळी मागा. सीपीएम घेऊन ट्रॅक्टर चालवणं किंवा मळणीयंत्रात कणसं सोडणं जिवावर बेतू शकतं. फक्त नाकाच्या गोळीवर छातीचा भार टाकू नका.

तो भार टाकला की काय होतं, हे २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नने पाहिलं. त्या संध्याकाळी वादळ आलं. गवताचे परागकण ओलाव्याने फुटले आणि त्यांचे बारीक कण वाऱ्याबरोबर शहरात पसरले. काही तासांत हजारो माणसं धापा टाकत रुग्णालयांत पोहोचली. त्या घटनेत दहा जणांचा मृत्यू झाला. रुग्णालयांत आलेल्यांपैकी अनेकांना आपल्याला दमा आहे हेच माहीत नव्हतं. होती ती फक्त नाकाची ॲलर्जी. रुग्णालयांत आलेल्यांत आशियाई, विशेषतः भारतीय वंशाच्या लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त होतं. नाकाच्या ॲलर्जीवाल्याला रात्री खोकला येतो का, पळाल्यावर छाती आवळते का, हे विचारण्याचं महत्त्व तेव्हापासून सगळ्या जगाला पटलं.

आता करायचं काय? फिनलंडने १९९४ साली दम्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. निदान लवकर, सूज उतरवणारं औषध पहिल्या दिवसापासून, आणि शिकवायला गावोगावच्या परिचारिका व औषधविक्रेते. दहा वर्षांत दम्यासाठी रुग्णालयात काढलेले दिवस निम्म्याहून कमी झाले. हे काम मोठ्या यंत्रांनी झालेलं नाही, शिकवण्याने झालं.

शिकवणं आपल्याकडेही होऊ शकतं. पंप आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, मग दाबतानाच सावकाश, खोल ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. कोरड्या भुकटीच्या रोटाहेलरला उलट जोराने ओढावं लागतं. त्यातली कॅप्सूल गिळायची नसते. कपाशीची वेचणी, मक्याची मळणी, गाजर गवताचा फुलोरा हे ज्यांचे त्रासाचे दिवस, त्यांनी ते यायच्या आधीच डॉक्टरांना भेटून सूज उतरवणारं औषध नियमित करावं. मळणीच्या वेळी नाकातोंडावर घट्ट रुमाल किंवा मास्क. गोधड्या-गाद्या कडक उन्हात, कारण त्यांतले डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे हे ॲलर्जीचं मोठं कारण. डासांची कॉइल बंद खोलीत नको. तिच्यातून निघणाऱ्या बारीक कणांचं प्रमाण शंभरेक सिगारेटींएवढं भरतं. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर पडले असतील, किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर वाट बघू नका. घाटीचं मोठं रुग्णालय शंभरेक किलोमीटरवर आहे. आधी जवळचं सरकारी रुग्णालय गाठा, ऑक्सिजन तिथे सुरू होऊ द्या.

थोडक्यात सांगायचं तर, दम्याच्या मुळाशी सूज आहे. हिस्टामीनविरोधी गोळी नाक सांभाळते, सुजेला पुरत नाही. मॉन्टेलुकास्ट थोडी मदत करते. सूज उतरवण्याचं मुख्य काम श्वासातल्या स्टिरॉइडचं.

शेवटी एक छोटं प्रात्यक्षिक आहे. लहान मुलांना पंप जमत नाही, त्यासाठी मध्ये एक पोकळ नळकांडं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनच्या डॉ. हेदर झार यांनी १९९९ साली दाखवलं, की पाण्याची अर्ध्या लिटरची प्लास्टिक बाटली तेच काम करते. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक, कडेने डिंकाने हवाबंद, आणि बाटलीच्या तोंडाशी मुलाचं तोंड. एक फवारा, पाच-सहा शांत श्वास. मग हवा तर दुसरा फवारा. वापरण्याआधी साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता वाळवायची. टेबलावर रिकाम्या बाटल्या, तापवायची तार आणि डिंक ठेवला आहे. शाळेच्या बाई आणि आशाताईंनी पुढे यावं. प्रत्येकीने एकेक बाटली स्वतःच्या हाताने तयार करावी आणि आपापल्या वस्तीवरच्या दम्याच्या लेकरापर्यंत ती या आठवड्यातच पोहोचवावी.